माझी पहिली गाडी आणि शाळेतली मीटरपट्टी



दरवर्षी निबंधाला विषय मी देते, मुलं लिहितात. यंदा चौथीच्या मुलांनी मलाच विषय दिला. "बाई, तुम्ही 'माझी गाडी' लिहा." मी फळ्यावर दहा ओळी लिहिल्या. माझी गाडी पांढरी आहे, तिला चार चाकं आहेत, मी तिची काळजी घेते, वगैरे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण ती गाडी निवडताना आठ महिने मी कशी घाबरले होते आणि शेवटी कशावरून निवडली, ते काही फळ्यावर मावलं नाही. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडून पहिल्यांदा स्टेअरिंग धरणाऱ्या बऱ्याच मॅडम आणि आया असतील, म्हणून ते इथे लिहिते.

मी कराडला राहते. आधीची शाळा सहा किलोमीटरवर होती, स्कूटीवर भागायचं. ऑनलाइन बदलीत पाटण तालुक्यातली शाळा मिळाली. घरापासून एकतीस किलोमीटर. कराड-चिपळूण रस्त्यावरून फाट्याला आत वळायचं आणि शेवटचे चार किलोमीटर नुसता चढ. द्विशिक्षकी शाळा, पट सत्तावीस. एसटी फाट्यापर्यंत येते, पुढे पायी. पहिला पावसाळा स्कूटीवर काढला. दुसऱ्या पावसाळ्यात एका वळणावर शेवाळावरून स्कूटी घसरली आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हे म्हणाले, "आता चारचाकी घे, नाहीतर रजा टाकून घरी बस." बसणार कशी, कर्जाचे हप्ते होतेच.

परवाना माझ्याकडे २०११ पासून होता. ड्रायव्हिंग स्कूलचा पंधरा दिवसांचा कोर्स केला होता. पण त्यात गाडी कमी आणि शेजारी बसलेले मास्तरच जास्त चालवायचे, कारण त्यांच्या पायाखाली वेगळा क्लच आणि ब्रेक असतो. परवाना मिळाल्यावर एकदाच ह्यांच्या मित्राची गाडी घेऊन निघाले आणि चढावर सिग्नलला बंद पाडली. मागे टेम्पो. हाफ क्लच सोडला की गाडी बंद, ब्रेक सोडला की मागे. टेम्पोवाला खाली उतरून आला, ओरडेल वाटलं, पण म्हणाला, "ताई, मी काढून देऊ का?" त्या दिवसापासून परवाना कपाटात.

म्हणून आता ऑटोमॅटिकच, हे मी आधीच ठरवलं होतं. त्यावर घरात चर्चासत्र झालं. धाकट्या दिरांचं म्हणणं, "वहिनी, गिअरची गाडी शिकली तरच खरं ड्रायव्हिंग. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी लोकांची." शाळेतले सर म्हणाले, "मॅडम, ऑटोमॅटिकला मायलेज नसतो."

दिरांना मी माझ्या धंद्यातलंच उत्तर दिलं. पहिलीतलं मूल अक्षर गिरवत असतं तेव्हा त्याचं सगळं लक्ष पेन्सिल कशी धरायची यात असतं. त्याच वेळी त्याला "गोष्ट मनातून लिही" म्हटलं तर दोन्ही बिघडतं. हात बसला की मग शब्द सुचायला लागतात. मला गाडीत बसल्यावर रस्ता बघायचा होता. क्लच, गिअर, डावा पाय, उजवा पाय यातच सगळी नजर आत अडकली तर बाहेर कोण बघणार? आणि बाहेर बघणं मला किती गरजेचं आहे, हे मला त्याच सुमारास शाळेच्या मैदानात कळलं होतं.

तो प्रसंग सांगते. शाळेत काही कामासाठी एक पाहुणे मोठी गाडी घेऊन आले होते. काम झालं, गाडीत बसले, मागे घ्यायला लागले. मधली सुट्टी होती. पहिलीतली एक पोर गाडीच्या मागे उकिडवी बसून मातीत सागरगोटे वेचत होती. व्हरांड्यातून चौथीची मुलं एकदम ओरडली. गाडी थांबली. पोरीपासून दोन हातांवर. तिला काही झालं नाही, तिला तर कळलंही नाही, सागरगोटे ओच्यात भरून ती निघून गेली. पाहुणे खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, मी आरशात बघितलं होतं हो," एवढंच ते दोनदा म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी बघितलं होतं. पण आरशात ती नव्हतीच.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आता त्याच मैदानात रोज गाडी आणणारी मी असणार होते.

तर मंडळी, गाडी निवडायला मी निघाले ते या एका प्रश्नापासून. माझी उंची चार फूट अकरा इंच. माझ्या सीटवरून, माझ्या उंचीवरून, पहिलीतलं मूल कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही?

शोरूममध्ये जाताना मी शाळेतली लाकडी मीटरपट्टी घेऊन गेले. तिच्या टोकाला लाल रुमाल बांधला. पहिलीतलं मूल साधारण साडेतीन फुटांच्या पुढे-मागे असतं, मीटरपट्टी त्याहून थोडीशी कमी, म्हणजे हिशोब सुरक्षित बाजूला. ह्यांना पट्टी धरून गाडीच्या मागे उभं केलं आणि मी ड्रायव्हरच्या जागी बसले. रुमाल आरशात दिसेपर्यंत ह्यांनी एकेक पाऊल मागे जायचं. विक्रीचा मुलगा आधी हसला. मग म्हणाला, "मॅडम, मागे कॅमेरा आहे की." दुसऱ्या शोरूममध्ये मात्र तिथला मुलगा स्वतःच पट्टी धरायला पुढे आला, म्हणाला, माझी मुलगी पण पहिलीत आहे.

कॅमेऱ्याबद्दल आधी सांगून टाकते. कॅमेरा असावाच. मागचे सेन्सर तर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचेच आहेत. पण आमच्याकडच्या पावसात चार किलोमीटर लाल चिखलातून गेल्यावर कॅमेऱ्याच्या काचेवर काय उरतं ते मी आता रोज बघते. शाळेत पोचले की पहिलं काम, ओल्या फडक्याने ती काच पुसणं. आणि सेन्सर वाजायला लागतो तेव्हा वस्तू बरीच जवळ आलेली असते. ती मदत झाली. नजर आपलीच लागते.

दिरांचा आग्रह एसयूव्हीचा होता. "उंच बसलं की लांबचं दिसतं, वहिनी." हे खरं आहे. उंच गाडीत बसल्यावर पुढच्या ट्रकच्या पलीकडचं वळणसुद्धा दिसतं, मला आवडलं ते. पण बॉनेटही उंच, आणि मी बुटकी. मागची काच तर उंचावर आणि आखूड. मी बसले तेव्हा ह्यांच्या हातातला रुमाल आरशात दिसायला ते पाच मोठी पावलं मागे गेले. पाच पावलं! तेवढ्या जागेत आमची अख्खी पहिली उभी राहील. त्याच गाडीत आमचे सहा फुटी दीर बसले तेव्हा रुमाल तीनच पावलांवर दिसला. तेव्हा मला कळलं की अमुक गाडीतून चांगलं दिसतं, तमुक गाडीतून दिसत नाही, असं कुणी सांगितलं तर आधी सांगणाऱ्याची उंची विचारायला हवी.

काही लहान गाड्यासुद्धा या बाबतीत फसव्या निघाल्या. बाहेरून दिसायला देखण्या, मागे निमुळत्या होत गेलेल्या. पण त्या देखणेपणापायी मागच्या दाराची काच वरवर चढत जाते आणि मागचा खांब रुंद होतो. मान वळवली की काचेऐवजी पत्राच दिसतो.

पुढच्या खांबांकडे तर माझं लक्षच नव्हतं, ते घाटात गेल्यावर गेलं. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे तिरके खांब असतात ते आता पूर्वीपेक्षा जाड असतात. गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून, आणि काही गाड्यांत पडद्यासारख्या एअरबॅगची मांडणी तिथूनच जाते म्हणून. चांगल्यासाठीच आहे ते. पण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उजवा खांब डोळ्याच्या अगदी जवळ येतो आणि जवळचा खांब जास्त जागा झाकतो. उजव्या वळणावर समोरून येणारा मोटरसायकलवाला अख्खाच्या अख्खा त्याच्यामागे लपू शकतो. बोट डोळ्यासमोर धरलं की समोरचं झाड गायब होतं ना, तसंच. उपाय सोपा आहे, वळणाआधी मान आणि खांदे थोडे पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघायचं. पण गाडी घेतानाच ज्या गाडीचे खांब बारीक किंवा उभट आहेत, किंवा खांबाच्या पायथ्याशी छोटी तिकोनी काच आहे, ती माझ्यासारखीला सोपी जाते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हे कळत नाही. टेस्ट ड्राइव्हला आग्रहाने एखाद्या चौकात उजवीकडे वळून बघा.

टेस्ट ड्राइव्हवरून आठवलं. पहिल्याच टेस्ट ड्राइव्हला मी गोंधळ घातला. ऑटोमॅटिकमध्ये दोनच पायडल, उजव्या पायाने दोन्ही चालवायची, डावा पाय नुसता विसावलेला. मला सांगितलंही होतं. पण रस्त्यावर एक कुत्रं आडवं आलं आणि २०११ चा माझा डावा पाय जागा झाला. क्लच समजून त्याने ब्रेक दाबला, तोही क्लचसारखा मुळापर्यंत. मागे बसलेल्या ह्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. (मागच्या सीटवरही पट्टा लावायचा असतो, हे त्यांना तेव्हापासून पटलंय.) आता मी बसले की डावा पाय मुद्दाम मागे ओढून घेते. आणि उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवून फक्त चवडा फिरवते, म्हणजे घाईत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याची भीती कमी.

ऑटोमॅटिकचेही प्रकार असतात, हे मला माहीत नव्हतं. थोडक्यात, मला जसं समजलं तसं. सगळ्यात स्वस्त प्रकार एएमटी. यात आतलं यंत्र गिअरच्या गाडीचंच असतं. क्लच दाबणं आणि गिअर बदलणं एवढं काम आपल्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. भारतात ही पहिल्यांदा २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत आली. गिअर बदलताना किंचित मान हलते, कारण क्लच सुटायला आणि धरायला क्षणभर लागतो. मायलेज मात्र गिअरच्या गाडीच्या जवळपास राहतो, म्हणजे सरांचा मुद्दा इथे निकालात निघाला. दुसरा सीव्हीटी, त्यात ठरावीक गिअर नसतातच, दोन पुल्यांवरून पट्टा फिरतो आणि गाडी लोण्यासारखी पळते, फक्त जोर लावला की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर, यात इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो. जुना आणि भरवशाचा प्रकार, पण किंमत जास्त. दोन क्लचचा एक प्रकार असतो तो आमच्या खिशाच्या बाहेरच होता, तिकडे मी बघितलंही नाही.

माझ्यासाठी प्रश्न शेवटच्या चार किलोमीटरचा होता. चढावर एएमटी गाडी थांबवून ब्रेक सोडला तर, विशेष सोय नसेल तर, ती थोडी मागे सरकू शकते. मग लोक काय करतात, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावरच तोलून धरतात. तसं करू नका. आत क्लच घासून तापत असतो. थांबायचं तर ब्रेकवर थांबायचं, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढायचा. 'हिल होल्ड' नावाची सोय असलेली गाडी ब्रेकवरचा पाय काढल्यावर दोन-एक सेकंद स्वतः थांबून राहते, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर जातो. ते दोन सेकंद म्हणजे मला त्या टेम्पोवाल्याची आठवण न येण्याचे दोन सेकंद. ही सोय नसलेल्या गाड्या मी यादीतूनच काढल्या.

उताराची गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगते. संध्याकाळी शाळेतून खाली येताना गाडी 'डी'मध्ये ठेवून नुसता ब्रेक दाबत राहिलं तर ब्रेक तापतात. एएमटीत मॅन्युअल नावाचा कप्पा असतो, त्यात टाकून दुसऱ्या गिअरवर आणलं की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पहिल्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकून मला वाटलं काहीतरी मोडलं. आता तो आवाज आला की बरं वाटतं.

शेवटी घेतली वॅगनआर. १.२ लिटरची, पेट्रोल, एएमटी, हिल होल्डवाली. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून. ही गाडी भारतात १९९९ च्या अखेरीस आली तेव्हा लोक तिला डबा म्हणून हसायचे. दीर अजूनही हसतात. पण डबा असल्यामुळेच खिडक्या मोठ्या, काच खालपर्यंत उतरलेली, छप्पर उंच, आणि बॉनेट आखूड. ह्यांच्या हातातला लाल रुमाल दुसऱ्या पावलाला आरशात दिसला. मी गाडीतूनच ओरडले, "दिसला!" शोरूममधली चार माणसं वळून बघायला लागली.

माझ्यासाठी गादीवाल्याकडून कडक, न सरकणारी उशी शिवून घेतली. मऊ उशी नको, ब्रेक दाबताना माणूस त्यात रुततो. उंची वाढवायच्या नादात स्टेअरिंगला चिकटूनही बसायचं नाही. आत एअरबॅग असते, ती जोरात उघडते, म्हणून छाती आणि स्टेअरिंगच्या मध्यात निदान दहा इंच अंतर हवं. वीत लावून मोजलं तर सव्वा वीत, माझ्या हाताने.

पहिले दोन महिने रविवारी पहाटे सहा वाजता बाजार समितीच्या मोकळ्या आवारात सराव केला. ऑटोमॅटिकची एक सवय तिथेच अंगी बाणवून घ्यावी लागते. गाडी 'डी'मध्ये असताना ब्रेकवरचा पाय उचलला की ॲक्सिलरेटर न दाबताही ती चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकते. गर्दीत हे फार सोयीचं, नुसत्या ब्रेकवर गाडी चालते. पण मैदानात मुलं असताना हेच भीतीदायक. म्हणून मुलं काचेपाशी येऊन बोलायला लागली तर आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग बोलणं. एएमटी गाड्यांना बहुधा 'पी'चा कप्पाही नसतो, त्यामुळे हँडब्रेकला पर्याय नाही.

गाडी पहिल्यांदा शाळेत आली त्या दिवशी अर्थात शिकवणं झालंच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याचाच पाठ केला. लांबी मोजण्याचा घटक चालूच होता. इंजिन बंद, किल्ली माझ्या पर्समध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. मी ड्रायव्हरच्या जागी बसले. पहिलीतली सगळ्यात बुटकी पोर, तीच सागरगोटेवाली, गाडीच्या मागे उभी. ती एकेक पाऊल मागे जायची आणि मी आरशात तिचं डोकं दिसलं की हात वर करायची. चौथीच्या मुलांनी तिथे खडूने रेघ मारली आणि टेप लावला. उभी असताना दीड मीटर. मग तिला उकिडवं बसायला सांगितलं. रेघ गेली साडेपाच मीटरवर. पुढच्या बाजूला उकिडवी बसली तर दोन मीटर. डाव्या दाराशी तर ती गाडीला हात लावून बसली होती आणि मला अजिबात दिसत नव्हती.

मग एकेक करून मुलांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. आपण आरशात बाईंना बघतो म्हणजे बाईही आपल्याला बघतातच, असं प्रत्येकाला वाटत होतं. तिसरीतला एक मुलगा आत बसून आरशात, मागे, पुढे सगळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, ती गेली कुठं?" ती साडेपाच मीटरच्या आत मस्त बसलेली होती, आणि बाहेर सगळे हसत होते. तो खाली उतरून मागे आला, तिला बघितलं, आणि हसला नाही.

पालकहो, हा खेळ तुमच्या अंगणात, तुमच्या गाडीवर करून बघा. खडू आणि घरातली टेप पुरते. मुलाला आत बसवाल तेव्हा किल्ली खिशात आणि मोठं माणूस जवळ, एवढं मात्र पाळा.

खडूच्या रेघा पावसात धुऊन जातात, म्हणून मुलांनी आता तिथे चुन्याने पुतलेले दगड लावलेत. आणि नियमही त्यांनीच केला. बाई निघायच्या वेळी सगळ्यांनी व्हरांड्याच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, चौथीतल्या एकाने मोजायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. मी गाडीभोवती एक फेरी मारते, कॅमेऱ्याची काच पुसते, बसते. "सत्तावीस!" असं ऐकू आलं की किल्ली फिरवते.

गेल्या मंगळवारी आकडा आला सव्वीस. पुन्हा मोजले, सव्वीस. मी किल्ली काढून खाली उतरले. सर वर्गात बघायला गेले, मी शाळेच्या मागे. पाऊस सुरू झाला होता आणि मला अंधाराच्या आत घाट उतरायचा होता. दहा मिनिटांनी पोषण आहाराच्या खोलीतून आमच्या स्वयंपाकीण मावशींनी हाक मारली. दुसरीतला गडी पातेल्याआड बसून उरलेली खिचडी खात होता. तोंड पुसत आला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी झाली.